मोटारीची पारख : तक्रारी आणि रिकॉल



आपण नाशिककर भांडी बाजारात साधे पितळेचे पातेले घ्यायला गेलो, तरी ते उलटेसुलटे करून पाहतो, कडेवरून बोट फिरवतो, वजन विचारतो. उन्हाळ्यात माठ घेतला तर तो टिचकी मारून वाजवल्याखेरीज पैसे देत नाही. परंतु हाच मनुष्य साठ-सत्तर लाखांची मोटार घ्यायला निघाला म्हणजे रंग पाहतो, चामड्याच्या बैठकीवरून हात फिरवतो, काचेचे छत उघडझाप करून पाहतो आणि सही करतो. मोटारीला टिचकी मारता येत नाही, हे खरे आहे. ती बद्द वाजते की खणखणीत, हे कळायला दोन-चार वर्षे जावी लागतात आणि तोवर पैसे दिलेले असतात. म्हणून ज्यांची दोन-चार वर्षे गेली आहेत त्यांचे अनुभव वाचणे, एवढाच मार्ग गिऱ्हाइकाला उरतो. हे अनुभव दोन ठिकाणी सापडतात. एक, मालकांच्या तक्रारी; आणि दुसरे, कारखानदाराने दोषासाठी गाड्या माघारी बोलावल्या त्याच्या नोंदी, ज्याला आपण सगळेच आता रिकॉल म्हणतो. हे दोन पुरावे कसे वाचावेत आणि कोठे फसू नये, एवढाच आजचा विषय आहे.

कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने उंची मोटारींवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण मोटार हे आपल्या जिल्ह्याचे अन्न आहे. सातपूर-अंबडच्या वसाहतींत हजारो हात मोटारीचा कोणता ना कोणता भाग घडवतात. आणि उंची एसयूव्ही आता केवळ बोटीने येतात असेही नाही. मर्सिडीज चाकणला जुळते, लँड रोव्हर पुण्यात जुळते, आऊडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळते. गाडीत बसणारा धनिक असेल. पण ती घडवणारा, चालवणारा, धुणारा आणि तिच्यासमोरून रस्ता ओलांडणारा आपल्यातलाच असतो. अडीच टनांच्या गाडीचे ब्रेक निकामी झाले, तर ते फक्त मालकाचे दुःख राहत नाही.

आता तक्रारींकडे वळू. तक्रारींची पहिली परीक्षा ही की, नुसती संख्या पाहू नये. समजा, एका गाडीविषयी पाचशे तक्रारी आहेत आणि दुसरीविषयी चाळीस. वरवर पाहता दुसरी चांगली. पण पहिली पन्नास हजार खपली असेल आणि दुसरी आठशे, तर पहिलीत शंभरांत एक मालक त्रासला आणि दुसरीत शंभरांत पाच. म्हणजे निकाल उलटला. तक्रारी किती, हा अर्धा प्रश्न आहे. कितीपैकी, हा उरलेला अर्धा. त्यातही गाड्यांचे वय आणि धाव सारखी असली पाहिजे. सहा महिन्यांच्या गाडीला तक्रार नाही, यात तिचे काय कौतुक? शाळेत नुकते नाव घातलेले मूल अजून नापास झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी परीक्षा तक्रारीच्या जातीची. पडद्यावरचा नकाशा अडकतो, दाराजवळ खडखड वाजते, ही एक जात. तिने मनस्ताप होतो. गाडी कसारा घाटात बंद पडते, ही दुसरी जात. तिने माणूस अडकतो. ब्रेक लागत नाही, सुकाणू जड होते, बोनेटखालून धूर येतो, ही तिसरी. तिने माणूस मरतो. या तिन्ही एकाच टोपलीत टाकून मोजल्या तर मोजणीला अर्थ राहत नाही. उंची गाडीच्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यावी लागते. ज्याने सत्तर लाख मोजले तो बारीकशा आवाजालाही सोडत नाही, आणि ज्याने आठ लाखांत गाडी घेतली तो त्याच आवाजासह दहा वर्षे संसार करतो. म्हणून उंची गाडीच्या तक्रारी पुष्कळ दिसल्या तर त्यांतल्या किती अपेक्षाभंगाच्या आणि किती खऱ्या बिघाडाच्या, हे आधी वेगळे करावे.

तिसरी परीक्षा माझ्या मते सर्वांत मोलाची आहे, आणि ती मी मोटारींकडून नव्हे, संघटनेच्या तक्रारवहीवरून शिकलो. एका कारखान्यात, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, बोटांना इजा होण्याचे प्रकार वाढले. व्यवस्थापन म्हणे, कामगार बेफिकीर झाले आहेत. आम्ही वही काढली आणि प्रत्येक नोंदीसमोर तारीख, पाळी आणि यंत्राचा क्रमांक लिहिला. बेफिकिरी असती तर ती सगळ्या खात्यांत विखुरलेली दिसली असती. पण बहुतेक नोंदी एकाच प्रेसच्या निघाल्या, आणि त्याही त्या प्रेसची जाळी दुरुस्तीसाठी काढल्यानंतरच्या. मग वाद राहिला नाही. मोटारीच्या तक्रारीही अशाच लावून पाहाव्यात. एकच सुटा भाग, साधारण तेवढीच धाव, घडणीचे तेच महिने, आणि एकमेकांना न ओळखणारे मालक, असे जुळले तर दहा तक्रारीसुद्धा पुरेशा बोलतात. शंभर तक्रारी शंभर प्रकारच्या असतील, तर त्या बहुधा शंभर स्वभावांच्या असतात.

चौथी गोष्ट म्हणजे गवगव्यापासून सावध राहणे. 1986 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या एका मोठ्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आऊडी 5000 ही उंची गाडी आपोआप सुसाट सुटते, असे दाखवले गेले. कार्यक्रमानंतर तक्रारी भराभर वाढल्या आणि अमेरिकेतला त्या कंपनीचा खप काही वर्षांत कोसळला. 1989 साली सरकारी तपासणीचा अहवाल आला. त्याचा निष्कर्ष असा की, बहुतेक प्रसंगी चालकाचा पाय ब्रेकऐवजी दुसऱ्याच पायटीवर पडला होता. यंत्रणेत काही दोष होते, पायट्यांची मांडणीही अनोळखी होती. पण गाडीत भूत नव्हते. म्हणून तक्रारींच्या तारखा पाहाव्यात. एखाद्या बातमीनंतर अचानक पूर आला असेल, तर बातमीपूर्वीच्या तक्रारी वेगळ्या काढून वाचाव्यात. त्या थोड्या असतात, पण कोणाच्या सांगण्यावरून आलेल्या नसतात.

आणि पाचवी गोष्ट म्हणजे मौन. तक्रार न दिसणे म्हणजे दोष नसणे नव्हे. वॉरंटी आहे तोवर मालक भांडतो. ती संपली की गाडी विकतो, आणि दुसरा मालक आपले नशीब म्हणून गप्प बसतो. शिवाय आपल्याकडे उंची गाडी पुष्कळदा पगारी ड्रायव्हर चालवतो. ब्रेक उतारावर उशिरा धरतो, हे त्याच्या पायाला सर्वांत आधी कळते. पण तक्रार लिहितो मालक, जो मागे बसून कागद वाचत असतो. गाडी घेण्यापूर्वी त्या जातीची गाडी चालवणारे दोन ड्रायव्हर गाठून त्यांच्याबरोबर चहा घ्या. मालकाने दामटून पैसे मोजलेले असतात, म्हणून तो आपल्या निवडीचे समर्थन करतो. ड्रायव्हरला तसे करण्याचे कारण नसते.

आता रिकॉलकडे येऊ. ज्या गाडीचा रिकॉल झाला ती वाईट, हा समज फार रुळला आहे. तो चुकीचा आहे. आपल्याच गावचे उदाहरण घ्या. 2021 च्या जुलैत महिंद्र कंपनीने आपल्या नाशिक कारखान्यातल्या, डिझेल इंजिन बसवलेल्या सहाशेहून कमी गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. त्या 21 जून ते 2 जुलै या बारा दिवसांत घडलेल्या होत्या. कंपनीने सांगितलेले कारण असे की, एका विशिष्ट दिवशी कारखान्यात आलेले इंधन अशुद्ध असावे आणि त्यामुळे इंजिनाचे भाग अकाली झिजले असावेत. तपासणी आणि दुरुस्ती विनामूल्य. डिझेल इंजिनाचे काम किती नाजूक असते हे सातपूरच्या कामगाराला सांगावे लागत नाही. इंजेक्टरच्या आतली जागा मायक्रॉनमध्ये मोजतात. तेथे इंधनातला कचरा म्हणजे डोळ्यात वाळू. आता या रिकॉलकडून काय शिकायचे? दोष एका खेपेचा होता, आराखड्याचा नव्हता. कोणत्या दिवशी काय आले आणि ते कोणत्या गाड्यांत गेले, याची नोंद होती म्हणूनच संशय सहाशे गाड्यांपुरता बांधता आला. आणि गाडी घडल्यापासून काही दिवसांतच तो जाहीर झाला. ज्या कारखान्यात अशी नोंद नसते, तेथे रिकॉल होत नाही. तेथे गिऱ्हाइकाचे इंजिन बसते आणि गिऱ्हाइकालाच दोष लागतो.

याच्या शेजारी त्याच कंपनीचा दुसरा रिकॉल ठेवून पाहा. 2023 च्या ऑगस्टमध्ये एक्सयूव्ही 700 या गाडीच्या 1,08,306 प्रती तपासणीसाठी बोलावल्या गेल्या. इंजिनाच्या कप्प्यातील वायरींचा जुडगा घासून कापला जाण्याची शक्यता होती. या गाड्या 8 जून 2021 ते 28 जून 2023 या काळात घडलेल्या होत्या, म्हणजे दोन वर्षांचे उत्पादन. येथे कोणा एका दिवसाचा माल बिघडला नव्हता; वायर ज्या मार्गाने नेली होती तो मार्गच तपासावा लागला. असा दोष नव्या गाडीत दिसत नाही, कारण घासायला काळ लागतो. यावरून रिकॉल वाचण्याचा पहिला नियम निघतो. किती गाड्या, याबरोबरच किती दिवसांच्या, हे पाहावे. थोड्या दिवसांचा दोष खेपेचा असतो. लांब काळाचा दोष आराखड्याचा किंवा पद्धतीचा असतो. नवे मॉडेल पहिल्या वर्षी घेऊ नये, असे जुने मेकॅनिक सांगतात त्याचे मर्म हेच आहे.

दुसरा नियम : दोष कोणी शोधला आणि किती उशिरा? 2013 च्या जुलैत जनरल मोटर्सच्या भारतातील कंपनीने तवेरा गाडीच्या सुमारे 1,14,000 प्रती बोलावल्या. त्या 2005 पासून 2013 पर्यंतच्या होत्या. प्रश्न होता धुराच्या मर्यादेचा आणि तपासणीत झालेल्या लबाडीचा. त्यापायी कंपनीने वरिष्ठांसह अनेकांना काढून टाकले. ही गोष्ट मालकांच्या तक्रारींतून कधीच बाहेर आली नसती. आपली गाडी ठरल्याहून अधिक विषारी धूर सोडते, हे चालवणाऱ्याला कळत नाही. ते कळते मागून सायकलने येणाऱ्याच्या छातीला, आणि तोही ते सिद्ध करू शकत नाही.

तिसरा नियम : शब्दाला भुलू नये. 2010 साली नॅनो गाड्यांना आगी लागल्याच्या घटना घडल्यावर टाटा मोटर्सने मालकांना विनामूल्य सुरक्षा-सुधारणा देऊ केली. मात्र हा रिकॉल नव्हे, असे आवर्जून सांगितले. गिऱ्हाइकाने नावाकडे पाहू नये. काय बसवले, कशासाठी आणि मोफत की पैसे घेऊन, हे पाहावे.

चौथा नियम वयाचा. 2022 च्या जूनमध्ये मर्सिडीज कंपनीने जगभरातील दहा लाखांच्या घरात गाड्या बोलावल्या. त्या 2004 ते 2015 या काळातील एमएल, जीएल या उंची एसयूव्ही आणि आर-क्लास गाड्या होत्या. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरवर, रबरी आवरणाखाली, दमटपणाने गंज चढू शकतो आणि ब्रेकची साथ सुटू शकते, हे कारण होते. तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका, असेही सांगण्यात आले. ध्यानात घ्या, पहिल्या तीन वर्षांच्या तक्रारी वाचून या दोषाचा मागमूस लागला नसता. गंज पावसाळे मोजतो. ज्यांची गाडी मुंबई किंवा कोकणात वाढली आणि मग नाशिकच्या बाजारात जुनी म्हणून स्वस्त मिळाली, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. जुन्या गाडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला कंपनीचे पत्र बहुधा पोहोचत नाही. म्हणून गाडीचा सतरा अक्षर-अंकांचा चॅसी क्रमांक घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये स्वतः विचारावे आणि रिकॉलचे काम झाल्याचा कागद हातात घ्यावा. रिकॉल झालेली गाडी भिण्यासारखी नसते. रिकॉल होऊनही काम न केलेली गाडी भिण्यासारखी असते.

पाचवा नियम : रिकॉल हा सुरक्षिततेचा पुरावा आहे, टिकाऊपणाचा नव्हे. उंची गाडीत हवेच्या फुग्यांवर बसलेले सस्पेन्शन असते. ते फुगे वर्षांनी गळू लागतात आणि गाडी एका कोपऱ्यावर बसते. याने जीव जात नाही, म्हणून बहुधा रिकॉलही होत नाही. फक्त खिसा रिकामा होतो. हा खर्च तक्रारींत दिसतो, रिकॉलमध्ये दिसत नाही. उलट, वायर घासण्याचा धोका रिकॉलमध्ये दिसतो आणि तक्रारींत फारसा दिसत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याखेरीज चित्र पुरे होत नाही.

कोणी विचारील, उंची गाड्या आपल्याकडे खपतातच थोड्या, मग तक्रारींची मोजणी करायची कशी? शंका रास्त आहे. जिल्ह्यात चाळीस गाड्या आणि दोन तक्रारी, यावरून काहीच सिद्ध होत नाही. अशा वेळी तीच गाडी इतर देशांत कशी वागली ते पाहावे. अमेरिकेत सरकारी वाहतूक सुरक्षा संस्था मालकांच्या तक्रारी आणि रिकॉल जनतेला खुले ठेवते. मात्र इंजिन तेच आहे ना, हे आधी तपासावे. तिकडे पेट्रोलवर चालणारी गाडी आपल्याकडे डिझेलवर आली असेल, तर इंजिनाच्या तक्रारी सोडून द्याव्यात आणि ब्रेक, सुकाणू, वायरिंग यांच्याच वाचाव्यात.

आता मी त्या उदाहरणाकडे येतो, ज्यासाठी हा विषय मला आपला वाटतो. 2000 सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे पासष्ट लाख टायर परत बोलावले. त्यांतले पुष्कळसे फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीला बसवलेले होते. वेगात टायरचा वरचा पट्टा सुटून यायचा आणि उंच गाडी उलटायची. या टायरांशी निगडित असे 271 मृत्यू सरकारी नोंदीत आले. त्यापूर्वी दोन वर्षे, 1998 मध्ये, एका विमा कंपनीतल्या संशोधकाने एकाच जातीच्या टायरांचे एकवीस दावे जुळवून सरकारी संस्थेला कळवले होते. एकवीस हा आकडा लहान म्हणून तो पडून राहिला. मघाशी मी म्हणालो ना, जुळणाऱ्या दहा तक्रारीही बोलतात. पण ऐकणारा हवा. दोन कंपन्या मग एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. फोर्ड म्हणे टायर वाईट. फायरस्टोन म्हणे गाडी उलटणारी आणि तुम्ही टायरात हवा कमी ठेवायला सांगितली.

पुढे ॲलन क्रूगर आणि अलेक्झांडर मास या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तक्रारी आणि दावे घेतले, आणि टायर कोठे व केव्हा घडला याप्रमाणे ते लावले. त्यांचा लेख 2004 साली प्रसिद्ध झाला. इलिनॉय राज्यातील डिकेटर येथील कारखान्याचे टायर, आणि तेही ठराविक काळातले, अधिक सदोष निघाले. त्या काळात तेथे काय चालले होते? 1994 मध्ये व्यवस्थापनाने आठऐवजी बारा तासांच्या, दिवसरात्र फिरत्या पाळ्या आणि नव्या कामगारांना बराच कमी पगार, अशी मागणी पुढे केली. संप झाला. संपकऱ्यांच्या जागी बदली माणसे भरली. 1995 मध्ये संपकरी हार खाऊन, कराराशिवाय, त्याच बदली माणसांच्या शेजारी कामाला उभे राहिले. समझोता झाला तो 1996 च्या अखेरीस. अभ्यासकांना असे आढळले की, दोष विशेष वाढले ते या दोन गटांना शेजारी उभे करून काम घेतले तेव्हा, आणि संपाच्या तोंडावर सवलती मागितल्या गेल्या तेव्हा. केवळ नवखी माणसे असल्यामुळे दोष वाढला, असे दिसले नाही. म्हणजे हात शिकलेले नव्हते हे मुख्य कारण नव्हते. मने दुखावलेली होती.

मी येथे संपाची वकिली करत नाही. सदोष टायर बाहेर जाऊ देणे याला कोणताही अन्याय क्षमा देत नाही, कारण त्या टायरवर बसलेल्या कुटुंबाने कोणाचा पगार कापलेला नव्हता. मला सांगायचे ते असे की, यंत्राची विश्वासार्हता कारखान्याच्या दाराआत ठरते. लाईनवरचा मनुष्य, मग तो कायम असो की कंत्राटी, ‘साहेब, ही वायर कडेला घासते आहे’ असे सांगू शकतो का? सांगितल्यावर त्याचे नाव वहीत लिहितात की पुढच्या महिन्यात त्याला घरी बसवतात? पहिली तक्रार मालकाची नसते, कामगाराची असते. ती ऐकली तर रिकॉल सहाशे गाड्यांचा होतो. दाबली तर लाखांचा होतो.

कायद्याचेही थोडे पाहू. आपल्याकडे 2012 पासून मोटार कारखानदारांच्या संघटनेची स्वेच्छेची रिकॉल-संहिता होती. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 110-अ हे कलम आले. ठराविक प्रमाणात मालकांनी दोष कळवला, किंवा चाचणी संस्थेने तो दाखवला, आणि तो दोष पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशाला किंवा रस्त्यावरील इतरांना घातक असला, तर केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते. 1 एप्रिल 2021 पासूनच्या नियमांप्रमाणे हे सात वर्षांच्या आतील वाहनांना लागू असून दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत आहे. कारखानदाराने आपणहून दोष कळवला तर दंड नाही, ही तरतूद मला शहाणपणाची वाटते. खरे बोलणाऱ्याला तिने वाट ठेवली आहे. पण मालकांचे प्रमाण भरायचे तर मालकांनी तक्रार नोंदवली पाहिजे. कट्ट्यावर केलेली तक्रार कायद्याच्या हिशेबात येत नाही.

म्हणून तक्रार कशी करावी ते सांगून संपवतो. तारीख, धाव, वेग, चढ की उतार, पाऊस की ऊन, गाडीत माणसे किती, हे लिहा. ‘गाडी भंगार आहे’ हे लिहू नका. त्याने राग हलका होतो, दोष सापडत नाही. वर्कशॉपच्या जॉब कार्डावर तुमचेच शब्द लिहून घ्या. ‘तपासले, ठीक आहे’ एवढ्यावर सही करू नका. प्रत्येक जॉब कार्डाची प्रत जपा. तोच दोष तिसऱ्यांदा आला, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. पुढे ग्राहक आयोग आहे. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. म्हणजे उंची गाडीच्या मालकाला पुष्कळदा जिल्ह्याच्या वरचीच पायरी चढावी लागते.

तुमच्यापैकी बहुतेकजण ही गाडी कधी घेणार नाहीत, मीही घेणार नाही. पण ही पारख दुचाकीला, शाळेच्या बसला आणि एसटीलाही तितकीच लागू आहे. किती, कितीपैकी, कोणता भाग, केव्हाची घडण, कोणी शोधले आणि काम पुरे झाले का, हे सहा प्रश्न घरी घेऊन जा.